टोपीचीं पिस्तुलें आणि त्यांचे संग्राहक

खंडेनवमीच्या सकाळीं घरोघर शस्त्रांची पूजा होते. नीरा व भीमा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यांत, इंदापूर तालुक्यांतील कळस आणि त्याच्या आसपासच्या गांवीं, ही पूजा आतां बहुधा विळ्या-कोयत्यांची, नांगराच्या फाळाची, ट्रॅक्टरची आणि पाण्याच्या पंपाचीच असते. परंतु हा मुलूख जुन्या भीमथडीचा. मराठ्यांच्या घोडदळांत भीमथडीच्या तट्टांचा लौकिक मोठा होता. आणि ज्या मुलखांत घोडा असे त्या मुलखांत स्वारही असे व स्वाराच्या घरीं शस्त्रही असे. तेव्हां एखाद्या जुन्या वाड्याच्या देवघरांतून, तांबड्या फडक्यांत गुंडाळलेली, हळदकुंकवाचीं पुटें चढलेली, वीतभर लांबीची लोखंडी वस्तु बाहेर निघाली तर त्यांत नवल नाहीं. घरांतलीं वडील माणसें तिला पिस्तूल म्हणतात, पणजोबांचें म्हणतात, आणि पूजा आटोपली कीं ती पुन्हां फडक्यांत जाते. तें कोणी घडविलें, केव्हां घडविलें आणि तें या घरांत आलें कसें, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. असे प्रश्न विचारणारी जी थोडीशी मंडळी जगांत आहे तिला संग्राहक म्हणतात. ती मंडळी आणि त्यांचीं हीं पिस्तुलें हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

'पिस्तूल' आणि 'काडतूस' हे दोन्ही शब्द मराठींत पोर्तुगीजांकडून आलेले आहेत. वस्तु परकी, नांव परकें. पण दोन्ही आपल्या घरांत इतकीं रुळलीं कीं त्यांचें परकेपण कोणाला आठवत नाहीं. या शस्त्राच्या इतिहासांत दारूला विस्तव कसा लावावयाचा, या एकाच प्रश्नावर माणसानें साडेतीनचारशें वर्षें डोकें चालविलें. पहिलें उत्तर तोड्याचें. सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविलेली सुताची दोरी पेटती ठेवावयाची आणि तिचें टोंक बंदुकीच्या कानावरच्या रंजकेला लावावयाचें. पावसांत तोडा विझे आणि रात्रीं त्याच्या निखाऱ्यावरून शत्रूला माणसाची जागा कळे. दुसरें उत्तर गारेचें. चाप ओढला कीं घोड्याच्या जबड्यांत धरलेली गार पोलादी पत्र्यावर आपटे, ठिणग्या पडत आणि रंजक पेटे. ही युक्ति दोन शतकें चालली. पण तिच्यांतही एक खोड होती. रंजकेचा भडका आधीं होई आणि नळींतला बार क्षणभरानें उडे.

हा क्षण एका पाद्र्याला खपेना. स्कॉटलंडमधील बेलहेल्व्ही गांवचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकेचा भडका दिसतांच पांखरें उडून जात आणि गोळी पाण्यांत पडे. ठोका बसतांच आपोआप पेट घेणारे कांहीं रासायनिक क्षार तेव्हां रसायनशास्त्रज्ञांना माहीत झाले होते. त्यांचा उपयोग करून फोर्साइथ यांनीं गारेवांचून उडणारी कळ तयार केली आणि १८०७ मध्यें तिचें पेटंट घेतलें. मध्यंतरीं लंडनच्या टॉवरमध्यें बसून सरकारसाठीं ते हें काम करीत होते. पुढें अधिकारी बदलला आणि नव्या अधिकाऱ्यानें त्यांना घरीं पाठविलें. सरकारी कचेऱ्यांचा स्वभाव सर्व देशांत सारखाच असावा! फोर्साइथ यांच्या कळीला पुढें सुटसुटीत रूप आलें तें तांब्याच्या टोपीमुळें. हरभऱ्याएवढी ही टोपी, अंगुस्तानासारखी एका बाजूनें उघडी. तिच्या तळाशीं स्फोटक द्रव्याचा कणभर थर. नळीच्या मागच्या टोंकाशीं एक निमुळती, आरपार भोंक असलेली खुंटी असते, तिच्यावर ही टोपी बसवावयाची. घोडा तिच्यावर हातोडीसारखा आपटला कीं आंतली ज्वाळा खुंटीच्या भोंकांतून सरळ दारूपर्यंत जाते. या टोपीच्या शोधावर अनेकांनीं हक्क सांगितला. त्यांतील एक जोशुआ शॉ हा इंग्लंडांतून अमेरिकेंतील फिलाडेल्फियास जाऊन राहिलेला चित्रकार होता आणि त्याला १८२२ मध्यें अमेरिकेचें पेटंट मिळालें. म्हणजे मनुष्यवधाच्या साधनांतील ही मोठी सुधारणा एका पाद्र्याच्या आणि एका चित्रकाराच्या नांवावर जमा आहे.

टोपीचें राज्य फार दिवस टिकलें नाहीं. १८२० च्या सुमारास तें सुरू झालें आणि १८६० नंतरच्या दहापांच वर्षांत, गोळी, दारू व टोपी एकाच धातूच्या काडतुसांत आलीं तेव्हां, तें संपलें. संग्राहकाला हीच गोष्ट सोयीची असते. तोड्याची बंदूक तीनशें वर्षांपैकीं कोणत्याही वर्षाची असूं शकते. टोपीचें पिस्तूल पाहतांच तें कोणत्या पन्नास वर्षांतलें हें निश्चित होतें. हिंदुस्थानच्या इतिहासांत तर या पन्नास वर्षांचें महत्त्व मोठें आहे. ज्या काडतुसांच्या चरबीवरून १८५७ चा वणवा पेटला तीं एन्फील्ड बंदुकीचीं होतीं. १८५३ च्या नमुन्याची ही बंदूक टोपीची आणि ठासणीची होती. काडतूस म्हणजे कागदाची पुडी. ती दांतांनीं तोडावी, दारू तोंडाकडून नळींत ओतावी, गोळी गजानें ठासावी आणि खुंटीवर टोपी बसवावी, असा तो क्रम होता. दांतांनीं तोडणें त्या क्रमांत नसतें तर बराकपुरच्या कवाइतीच्या मैदानावर कदाचित् निराळें कांहीं घडलें असतें.

अशा पिस्तुलांच्या संग्रहाचा छंद सर्वांत जास्त वाढला तो अमेरिकेंत. त्या देशाला स्वतंत्र होऊन फार काळ लोटला नव्हता, मोठे कारखाने थोडे होते आणि गांवोगांव बंदुका घडविणारे कारागीर होते. पेन्सिल्व्हेनियांतील लँकेस्टर भागांत जर्मन वंशाच्या कारागिरांच्या पिढ्याच्या पिढ्या या धंद्यांत गेल्या. बाप नळी घडवी, मुलगा लाकडाचा दस्ता कोरी, आणि त्यांचा लांब नळीचा रायफल सरहद्दीवरच्या शेतकऱ्याच्या चुलीवर टांगलेला असे. हेच कारागीर पिस्तुलेंही घडवीत. प्रत्येक प्रांताची घडण निराळी असे. मुठीचा बांक, पितळेच्या पट्टीची नक्षी, नळीचे आठ पैलू यांवरून जाणता माणूस तें काम कोणत्या भागांतलें हें सांगतो. कारागीर आपलें नांव बहुधा नळीच्या माथ्यावर कोरी. आजचा संग्राहक तें नांव घेऊन जुन्या कागदपत्रांच्या मागें लागतो. अमेरिकेच्या १८५० च्या खानेसुमारींत पहिल्यांदा घरांतील प्रत्येक स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) माणसाचें नांव आणि प्रौढ पुरुषांचा धंदा नोंदला गेला. त्यामुळें अमुक गांवचा अमुक माणूस त्या वर्षीं बंदुका घडवीत होता कीं नाहीं, हें पडताळून पाहतां येतें. करांच्या याद्या, मृत्युपत्रें, वर्तमानपत्रांतील जाहिराती या सगळ्यांचा धांडोळा घेऊन एका विस्मृत खेडवळ कारागिराचें चरित्र उभें राहतें. पुष्कळ वेळां पिस्तुलाच्या किंमतीपेक्षां या शोधाचाच खर्च अधिक होत असावा.

या शोधांत फसगतीही फार. कळ म्हणजे घोडा, चाप व त्यांच्या कमानी बसविलेली लोखंडी पट्टी. ही घडविण्यास सर्वांत अवघड. म्हणून खेड्यांतले कारागीर ती शहरांतल्या घाऊक व्यापाऱ्याकडून तयार विकत घेत आणि ती पुष्कळदां इंग्लंडांतील बर्मिंगहॅमहून आलेली असे. मग पट्टीवर एकाचें नांव आणि नळीवर दुसऱ्याचें! नवशिका संग्राहक पट्टीवरचें नांव वाचून मोकळा होतो. मुरलेला माणूस नळी दस्त्यांतून सोडवून तिची खालची बाजू पाहतो. इंग्लंडांत नळी विकण्यापूर्वीं तिच्यांत नेहमींपेक्षां जास्त दारू भरून ती तपासण्याचा आणि टिकली तर तिच्यावर शिक्का मारण्याचा कायदा होता. लंडनला व १८१३ पासून बर्मिंगहॅमला त्यासाठीं खास गृहें होतीं. अमेरिकेंत सबंध देशाला लागू असा सरकारी तपासणीचा कायदा नव्हता. तेव्हां नळीखालीं बर्मिंगहॅमचा शिक्का निघाला तर कारागीर अमेरिकन असला तरी नळी समुद्र ओलांडून आलेली, असें समजावें.

या सर्व कारागिरांत एकाचें नांव जगभर झालें, आणि त्या नांवाची झालेली दशा मोठी शिकण्यासारखी आहे. फिलाडेल्फियाचा हेन्री डेरिंजर १७८६ मध्यें जन्मला. त्यानें मुठींत मावेल असें, खिशांत दिसणार नाहीं असें आंखूड टोपीचें पिस्तूल तयार केलें. १८४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियांत सोन्यासाठीं झुंबड उडाली, आणि जेथें सोनें तेथें भय या न्यायानें त्याच्या पिस्तुलांना तिकडे मागणी आली. एका पिस्तुलांत एकच गोळी, म्हणून गिऱ्हाइकें तीं जोडीजोडीनें घेत. मागणी आली तशा नकलाही आल्या. त्याच्याच कारखान्यांतून बाहेर पडलेल्या कामगारांनीं त्याच्यासारखींच पिस्तुलें काढलीं. कांहींनीं तर डेरिंजर याच आडनांवाच्या एका शिंप्याला हातीं धरून त्याचें नांव आपल्या मालावर कोरलें, म्हणजे खोटें नांव छापल्याचा आरोप नको! हेन्री डेरिंजरनें सान फ्रान्सिस्कोच्या एका व्यापाऱ्यावर फिर्याद केली, आणि कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ न्यायालयाने १८६५ मध्यें त्याच्या बाजूनें निकाल दिला. व्यापारचिन्हांच्या कायद्यांत या निकालाचा उल्लेख होतो. पण १८६८ मध्यें तो वारला आणि त्याचें नांव एका 'र'च्या जागीं दोन 'र' घेऊन सगळ्याच खिसापिस्तुलांना चिकटलें. कारागिराचें विशेषनाम सामान्यनाम झालें.

याच डेरिंजरच्या एका पिस्तुलानें १४ एप्रिल १८६५ च्या रात्रीं वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहांत अध्यक्ष अब्राहाम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. तें पिस्तूल आज त्याच नाट्यगृहांतील संग्रहालयांत आहे. पुढें अशी कुजबूज उठली कीं, खरें पिस्तूल कोणी चोरून नेलें आणि कपाटांत राहिलें आहे तें नकली. १९९७ मध्यें अमेरिकेच्या मध्यवर्ती तपास खात्याच्या प्रयोगशाळेनें तें तपासलें. १९३० नंतरच्या दशकांत काढलेलीं त्याचीं छायाचित्रें उपलब्ध होतीं. लाकडाच्या रेषा आणि नळीवरचे बारीक खळगे त्या छायाचित्रांशीं ताडून पाहिले तेव्हां पिस्तूल तेंच, असा निर्वाळा मिळाला. ज्या वस्तूवर एका राष्ट्राचा इतिहास टांगलेला, तिचा खरेपणा शेवटीं साठ वर्षांपूर्वीं कोणीतरी काळजीपूर्वक काढून ठेवलेल्या फोटोवर ठरला. संग्रह करणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. असे कारागीर आपल्याकडे नव्हते काय? होते, आणि फार पूर्वींपासून होते. पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवें घेतलें. त्यानंतर तीनच वर्षांनीं आल्बुकर्कनें आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रांत गोव्याच्या बंदूक घडविणाऱ्यांची तुलना बोहेमियांतील कारागिरांशीं केली आहे. आणि त्या काळीं युरोपांत बोहेमियाचें काम नांवाजलेलें होतें. अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंदे यांच्या कवायती फौजेसाठीं आग्र्याला कारखाना होता. तेथें सँग्स्टर नांवाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखालीं हिंदी कारागीर गारेच्या बंदुका घडवीत, आणि एका बंदुकीस सुमारें दहा रुपये खर्च येई. दहा रुपयांत युरोपाच्या तोडीची बंदूक! पण त्या कारागिरांपैकीं एकाचेंही नांव शिंद्यांच्या कीर्तीबरोबर आपल्यापर्यंत आलेलें नाहीं. सँग्स्टरचें मात्र आलें आहे.

हें असें कां झालें, याचें एक कारण आपल्या गांवगाड्यांत सांपडतें. पेन्सिल्व्हेनियाचा कारागीर माल बाजारांत विकी. गिऱ्हाइकानें पुन्हां आपल्याकडेच यावें म्हणून तो नळीवर नांव कोरी. आपला लोहार बलुतेदार. त्याला सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्याचा वांटा मिळे, आणि त्याचें गिऱ्हाईक म्हणजे अख्खा गांव. ज्याला सगळा गांव ओळखतो तो आपल्या कामावर नांव कशाला कोरील? लखलखीत पात्याचा शिकलगार, दस्ता बसविणारा सुतार, नळी डागणारा लोहार हे सगळे आपल्या कामामागें दडून गेले. म्हणून आपल्याकडच्या संग्राहकाला नांव वाचून कारागीर सांपडत नाहीं. हात ओळखून शोधावा लागतो. तोड्याची जुनी नळी घेऊन तिला बाजूनें भोंक पाडलें आहे, त्यांत टोपीची खुंटी बसविली आहे, विलायती कळीची नक्कल करून गांवठी घोडा घडविला आहे, असें काम दिसलें म्हणजे तें एखाद्या खेड्यांतल्या भट्टीवरचें समजावें. त्यांतला ओबडधोबडपणा पाहून नाक मुरडणारे संग्राहक आहेत. परंतु ज्या माणसानें विलायती कळ एकदोन वेळां हातांत धरून पाहिली आणि तसली दुसरी घडविली, त्याच्या बुद्धीला कमी लेखण्याचें कारण नाहीं.

मात्र टोपी आली आणि या लोहाराचें स्वातंत्र्य गेलें. तोड्याच्या बंदुकीला लागणारें सगळें गांवांत मिळे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू, सुताचा तोडा, शिशाची गोळी, आणि शिसें नसेल तर लोखंडाचा तुकडाही चाले. टोपी मात्र भट्टीवर होत नाहीं. तांब्याचा पातळ पत्रा, तो कापणारीं यंत्रें आणि पाऱ्यापासून केलेलें अत्यंत धोक्याचें स्फोटक, हें सगळें परदेशच्या कारखान्यांत. बंदूक घरांत आणि तिचा प्राण विलायती डबींत, अशी अवस्था झाली. दुकानदारानें डबी दिली नाहीं कीं बंदुकीची काठी झाली. राज्यकर्त्यांना शस्त्रें काबूंत ठेवण्यास ही गोष्ट किती सोयीची होती हें निराळें सांगावयास नको.

त्यांतून १८५७ नंतर शस्त्रें काढून घेण्याची मोहीम निघाली आणि १८७८ मध्यें लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत शस्त्रांचा कायदा झाला. परवान्यावांचून शस्त्र घडवूं नये, विकूं नये, बाळगूं नये. पुणें जिल्ह्याच्या या पूर्व भागांत तीं वर्षें अशीच तंग होतीं. मे १८७५ मध्यें सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं आणि तें लोण इंदापूर तालुक्यासह आसपास पसरलें. १८७६-७७ मध्यें दुष्काळ पडला. १८७९ मध्यें वासुदेव बळवंत फडके यांनीं रामोशांना हाताशीं धरून बंड केलें. अशा दिवसांत ज्याच्या घरीं आजोबांचें पिस्तूल असेल त्यानें काय करावें? कोणी तें चावडीवर नेऊन दिलें असेल, कोणी विहिरींत टाकलें असेल, कोणी भिंतींत चिणलें असेल. जें देवघरांत गेलें तेंच राहिलें. कारण तें आतां शस्त्र नव्हतें, देव होतें. महाराष्ट्रांत जुन्या बंदुका-पिस्तुलांचे खाजगी संग्रह थोडे कां, याचा उलगडा या इतिहासांत आहे.

कागदपत्रांच्या बाबतींत आपलें दैव बरें. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे गांवोगांव हिंडले, माळ्यांवरचीं दप्तरें त्यांनीं खालीं काढविलीं, आणि १९१० मध्यें पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ उभें राहिलें. वस्तूंना असा वाली उशिरां मिळाला. तो म्हणजे दिनकर गंगाधर केळकर, 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणारे कवि. घरचा धंदा चष्म्यांचा. पण यांची दृष्टि जुन्या वस्तूंवर. १९२० च्या सुमारास त्यांनीं संग्रहास आरंभ केला आणि १९९० मध्यें वारले तोंवर सोडला नाहीं. दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या, वाद्यें, कोरीव दारें आणि त्यांबरोबर शस्त्रेंही, अशा वीस हजारांहून अधिक वस्तु त्यांनीं जमविल्या. बालपणींच गेलेल्या राजा या मुलाचें नांव त्यांनीं संग्रहाला दिलें आणि सबंध संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्यांत बाजीराव रस्त्याजवळ तो आज पाहावयास मिळतो. केळकरांच्या संग्रहाची मौज अशी कीं, त्यांत राजाचें शस्त्र आणि स्वयंपाकघरांतली किसणी यांना एकाच पंक्तीला बसविलें आहे. मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे जुनें प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम, आणि कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यांतील संग्रह येथेंही शस्त्रें आहेत; पण तीं बहुतेक राजेरजवाड्यांचीं, रत्नखचित आणि रुबाबदार. पाटलाच्या घरचें साधें टोपीचें पिस्तूल कोणत्या गांवचें, कोणत्या भट्टीवरचें, याची गांववार नोंद मात्र अजून व्हावयाची आहे. आणि तशी नोंद करण्याजोगीं पिस्तुलें वर्षागणिक भंगाराच्या तराजूंत जात आहेत.

म्हणून ज्या घरांत अशी वस्तु असेल त्या घरच्या माणसांनीं तिच्याशीं कसें वागावें, हें थोडें तपशीलानें सांगितलेलें बरें. पहिली गोष्ट जिवाची. जुनें ठासणीचें हत्यार पुष्कळ वेळां भरलेलें असतें. पणजोबांनीं ठासलेला बार पणतूच्या हातीं उडूं शकतो. कारण कोरड्या राहिलेल्या काळ्या दारूची ताकद वर्षांनीं जात नाहीं. नळीचें तोंड माणसांकडे न करतां, खुंटीवर टोपी नाहीं ना हें पाहून, एक सरळ लांकडी काडी नळींत अलगद सोडावी, ती अडेल तेथें तोंडाशीं खूण करावी, आणि काडी बाहेर काढून नळीच्या बाहेरून तेवढीच धरून पाहावी. काडीचें टोंक खुंटीपर्यंत पोंचत नसेल तर आंत कांहीतरी आहे. मग तिला हात लावूं नये, जाणत्याला बोलवावें.

दुसरी गोष्ट सफाईची. दसऱ्याला पितळेचीं भांडीं घांसतात तशी चिंच किंवा लिंबू या लोखंडाला लावूं नये. विटकरीच्या भुकटीनें घांसलें तर लोखंड चकचकीत होतें, आणि नळीवरचीं अक्षरें कायमचीं जातात. आपल्याकडे कंपनी सरकारच्या शस्त्रांवर मागच्या पायांवर उभा राहून मुकुट धरलेला सिंह असतो. १८०८ पासून हें चिन्ह आलें. घांसून घांसून नुसता डाग उरलेला असा सिंह दिसतो तेव्हां वाईट वाटतें. हळदकुंकवाचीं पुटें मऊ फडक्यानें हळूहळू काढावीं, लोखंडाला हलकें तेल पुसटसें लावावें आणि लाकूड तसेंच राहूं द्यावें.

तिसरी गोष्ट व्यापाऱ्यांची. गारेचीं पिस्तुलें टोपीच्या पिस्तुलांहून दुर्मिळ आणि म्हणून महाग. ज्या काळांत गार मागें पडली त्या काळांत हजारों गारेचीं हत्यारें टोपीचीं करून घेतलीं गेलीं. आतां कांहीं विक्रेते उलटा उद्योग करतात. टोपीची खुंटी काढून, भोंक बुजवून, नवी गारेची कळ बसवितात आणि वस्तु मूळचीच गारेची म्हणून विकतात. असें करतांना दोनदां बदललेल्या त्या हत्याराचा खरा इतिहास ते एका दुपारींत पुसून टाकतात. मेलेल्या माणसाच्या जन्मतारखेंत फेरफार करण्यासारखेंच हें आहे. नकली हत्यार विकणाऱ्यापेक्षां हा माणूस अधिक नुकसान करतो, कारण नकली वस्तु घडतांना खऱ्या वस्तूला निदान धक्का तरी लागत नाहीं.

आणि कायदा. अमेरिकेंत मध्यवर्ती सरकारच्या १९६८ च्या कायद्यानें १८९८ पर्यंत घडविलेलीं हत्यारें पुराणवस्तु मानलीं आणि त्यांना सामान्य बंदुकांच्या नियमांतून बहुतेक मोकळें केलें. आपल्याकडे कसोटी निराळी आहे. १९५९ च्या शस्त्रकायद्यांत जुन्या घडणीचें, पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें किंवा मोडकें हत्यार तेव्हांच सुटतें, जेव्हां तें दुरुस्त करूनही उडूं शकणार नाहीं. म्हणजे वय नव्हे, तर उडण्याची शक्ति पाहिली जाते. दीडशें वर्षांचें पिस्तूल उडण्याजोगें असेल तर त्याला परवाना लागतो. हें न जाणून पुष्कळ भलीं माणसें अडचणींत येतात. याशिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तु १९७२ च्या पुराणवस्तु कायद्याच्या कक्षेंत येते आणि ती खाजगी माणसाला परदेशीं पाठवितां येत नाहीं. परगांवचा कोणी कितीही डॉलर दाखवो. तेव्हां घरांत असें कांहीं सांपडल्यास प्रथम जिल्ह्याच्या शस्त्रपरवाना कचेरींत लेखी विचारणा करावी आणि वस्तु उडण्याजोगी आहे कीं नाहीं हें ठरवून घ्यावें. ठेवणें जड जात असेल तर संग्रहालयाला लिहावें.

मात्र देण्यापूर्वीं, किंवा ठेवावयाची असली तरी, एक चिठ्ठी करावी. वस्तु कोणाच्या घरीं, कोणत्या गांवीं, भिंतींत कीं देवघरांत कीं माळ्यावर सांपडली. घरांत तिच्याविषयीं काय सांगतात. ती कोणाकडून कोणाकडे आली. नळीची लांबी आणि तोंडाची रुंदी किती. कोठें कोणतीं अक्षरें वा चिन्हें आहेत. वाचतां आलीं नाहींत तर कागद ठेवून त्यावर पेन्सिल घांसून ठसा घ्यावा. दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें दिवसाच्या उजेडांत, जवळ मोजपट्टी ठेवून काढावीं. गांवांत लोहाराचें जुनें घराणें असेल तर त्या घरींही चौकशी करावी. तेथल्या म्हाताऱ्याला आपल्या आजोबाच्या हातचें काम ओळखतां येण्याचा संभव असतो, आणि तो म्हातारा फार दिवस थांबणार नसतो. ही चिठ्ठी वस्तूला सुती दोऱ्यानें बांधावी. डिंकानें चिकटवूं नये, कारण डिंकाला कसर लागते आणि लाकडाचा रंग जातो. तिची दुसरी प्रत घरच्या कागदपत्रांबरोबर वेगळी ठेवावी.